उधारीची सेवा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या वऱ्हाडात नवा फडा पाटावर मांडतात, त्याला हळद-कुंकू वाहतात आणि त्यालाच लक्ष्मी म्हणतात. शिंदीच्या पानांचा हा फडा वर्षभर दाराआड उभा असतो; एवढी एकच संध्याकाळ त्याच्या मानाची. ही पूजा मी लहानपणापासून पाहत आलो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो फडा हातात कोण घेते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आमच्या घरी आधी आई घेई, मग पत्नी घेऊ लागली. पूजा मात्र मी करतो.

हा प्रश्न मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, पलंगावर पडल्या पडल्या सुचला. तेव्हा मला मास्तरकीतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती, आणि तेवढ्यात लोकांच्या उपयोगी पडणारा मनुष्य म्हणून मी अकोल्यात बऱ्यापैकी नाव कमावले होते. कुणाला रक्त हवे, कुणाला नागपूरला दाखवायला न्यायचे, कुणाच्या मुलीचा दाखला अडला, की मास्तर हजर. मला मधुमेह होता. पण गोळ्या घरी आणि मी गावभर, अशी आमची कायमची फारकत. ज्या घरी जाई तिथे चहा होई आणि ‘बिनसाखरेचा करा’ म्हणायला जीभ रेटत नसे. रात्री अकराला घरी यावे, पत्नीने ताट वाढून झाकून ठेवलेले असावे, आणि मी ‘आज फार धावपळ झाली’ असे अभिमानाने म्हणावे. त्या वाक्यात थकवा थोडा आणि कौतुकाची अपेक्षा फार, हे आता कळते.

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात आम्ही बसस्टँडजवळ पाणपोई मांडली होती. रांजण हलविताना चपलेतून खिळा आरपार तळपायात गेला, आणि तो गेला हे मला कळलेच नाही. जुन्या मधुमेहात तळपायाची जाणीव हळूहळू जाते. दुखत नाही म्हणून मनुष्य निर्धास्त राहतो. चौथ्या दिवशी पत्नीने चादरीवर डाग पाहिला. पाय वाचला, एक बोट गेले. पुढचे अडीच महिने रोज दोन वेळा तिने ती जखम धुतली, पट्टी बांधली, मला न्हाणीपर्यंत धरून नेले. भेटायला येणारे म्हणत, “मास्तरांनी गावासाठी देह झिजवला.” अशी मंडळी एका संध्याकाळी निघून गेल्यावर ती कपबशा उचलता उचलता म्हणाली, “तुम्ही गावाचं केलं अन् तुमचं मी केलं. मग गावाचं केलं कोणी, सांगा बरं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुकानातून माल न्यायचा मी, नाव व्हायचे माझे, आणि वहीत उधारी मात्र तिच्या खात्यावर मांडलेली. मी ज्याला सेवा म्हणत होतो तिच्यात असे आणखी किती जणांचे खाते असेल, याचा हिशेब पडल्या पडल्या सुरू झाला, आणि सरळ चाळीस वर्षांमागे जाऊन पोचला.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत मिळून जो पट्टा पसरला आहे त्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळीभोर, कपाशी-तूर पिकविणारी. पण खालचे पाणी खारट. कितीही खोल जा, ते गोड होत नाही. आज वान धरणासारख्या ठिकाणांहून नळाने पाणी आणणाऱ्या योजना तिथल्या पुष्कळ खेड्यांना पोचल्या आहेत. मी सांगतो आहे ती गोष्ट १९८३ ची. आम्ही कॉलेजची दहा-बारा मुले पेटून उठलो होतो. पट्ट्यातल्या एका खेड्यातल्या बायका उन्हाळ्यात कोसभर दूर पाण्याला जातात हे आम्ही ऐकले, आणि ठरविले की या गावाला हापशी द्यायची. बाजारातल्या अडत्यांकडून, जिनिंगवाल्यांकडून वर्गणी गोळा केली. आठ दिवस गावात शिबिर केले. नारळ फुटला, भाषणे झाली, फोटो निघाला. पाणी लागले तेव्हा आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. पहिली ओंजळ एका म्हातारीच्या हातावर घातली. तिने ती तोंडात घेतली, बाजूला थुंकली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “पोट्टेहो, खारं पानी तं आमच्या आंगनातल्या इहिरीतबी हाये. आमाले इचारलं असतं त सांगतलं असतं.”

आणि ती सांगू लागली. ती कोसावरची विहीर गोड्या पाण्याची होती. तिची गडगडी मोडली होती, काठ खचला होता, म्हणून एका वेळी एकच बाई जपून पाणी ओढू शके. बाकीच्या उन्हात ताटकळत. गडगडी, दोर आणि काठाला चार टोपल्या चुना-दगड एवढेच काय ते हवे होते. आमच्या वर्गणीतून अशा दहा विहिरी नीट झाल्या असत्या. पण गडगडीचा फोटो निघत नाही, तिला नारळ फोडत नाहीत. पुढे ऐकले की गावकरी त्या हापशीच्या दांड्याला शेळ्या बांधतात.

याहून लाजिरवाणी गोष्ट मला फार नंतर उमगली. ते आठ दिवस आम्ही जेवलो कुठे? त्या गावातच. पाळीपाळीने एकेका घरी. ऐन वैशाखात, कणग्या तळाला गेलेल्या असताना, ज्वारीची भाकर, बेसन आणि ठेचा. आमच्यासाठी पाइप वाहायला त्यांचे बैल राबले. म्हणजे त्या शिबिराचा खर्चही बराचसा त्या खेड्यानेच उचलला होता, आणि उपकार मात्र आम्ही केले होते.

आमच्याच मातीत याच्या अगदी उलट्या हिशेबाचा एक मनुष्य होऊन गेला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले. दारूने बाप गेला, मग मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे राखीत आणि शेती करीत ते वाढले. हे सारे वऱ्हाडातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते त्यांच्या भाकरीबद्दल. बाबा दारात उभे राहून आधी काम मागत. लाकडे फोडून देत, अंगण झाडून देत आणि मग भाकर घेत. तीही उभ्याउभ्या, हातावर किंवा त्या गाडग्यात. संध्याकाळी कीर्तन असायचे तर सकाळपासून हातात खराटा. ज्या गावाला स्वच्छता सांगायची ते गाव आधी स्वतः झाडून काढायचे, मग तोंड उघडायचे. पायांवर डोके ठेवायला कुणी आला तर त्याला जवळ येऊ देत नसत. कुणाचे काही फुकट घ्यायचे नाही, नमस्कारसुद्धा नाही! पंढरपूर, नाशिक, आळंदी इथल्या धर्मशाळा लोकांच्या पैशातून उभ्या राहिल्या, पण त्यातल्या एकीवरही त्यांनी आपला हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली.

इथवर सगळे सोपे आहे. पण ज्या पलंगावर मी विचार करीत होतो तिथे बाबांच्या खात्यातली दुसरी बाजूही मला दिसू लागली, आणि ती लपविणे बरे नव्हे. १९०५ साली त्यांनी घर सोडले. मागे म्हातारी आई, पत्नी कुंताबाई आणि लेकरे. १९२३ साली एकुलता एक मुलगा गोविंद कुत्रे चावून गेला. त्याची बातमी कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना पोचली, आणि बाबांनी कीर्तन थांबविले नाही. ही कथा आपण मान डोलावून सांगतो. त्या वेळी कुंताबाईंच्या मनात काय चालले असेल, हे त्या कथेत नसते. त्यांच्यावर कीर्तन कोण करणार?

बाबा चुकले असे म्हणण्याची माझी छाती नाही. बरोबर होते असे म्हणतानाही आता जीभ अडखळते. एवढे मात्र दिसते की ज्याने घर सोडले त्याने स्वतःसाठीही काही ठेवले नाही. घर त्यांच्या सेवेची किंमत देत होते, पण त्या सेवेवर बाबा स्वतः चैन करीत नव्हते. आम्ही काय केले? आम्ही बाबांचे घर सोडणे उचलले आणि लाकूड फोडणे विसरलो. घराकडे दुर्लक्ष करणे ही सेवेची खूण समजलो, आणि रात्री अकराला परतल्यावर गरम पोळीही मागितली.

यावर एक आक्षेप मला परवा एका स्नेह्याने घेतला. ते म्हणाले, “मास्तर, प्रत्येकाने आधी आपली तब्येत सांभाळायची ठरविली तर दुसऱ्यासाठी कुणी उठणारच नाही.” आक्षेप खोटा नाही. पहाटे अमरावतीच्या वडाळी तलावावर जा, नाहीतर आमच्या अकोल्यातल्या बागेत या. अशी माणसे तुम्हांला भेटतील की ज्यांचे सारे आयुष्य स्वतःच्या रक्ताच्या रिपोर्टाभोवती फिरते. किती पावले चाललो, किती घोट पाणी प्यालो, याहून दुसरा विषय नाही. तेही एक व्यसनच! अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले तेव्हा वैद्य बंधूंनी आखाड्याची माती केवळ दंड फुगविण्यासाठी टाकली नव्हती. देशाच्या कामाला निरोगी माणसे हवीत, ही त्यामागची ओढ होती. १९३६ साली त्याच मातीतली मुले बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवून आली. कमावलेले शरीर कुठेतरी वेचावे लागते. ते नुसते जपून ठेवणारा कंजूष आणि न कमावताच उधळणारा माझ्यासारखा उडाणटप्पू यांत डावे-उजवे करता येत नाही.

पण वेचावे कसे? अल्बर्ट श्वाइट्झर हा युरोपातला नामांकित ऑर्गनवादक आणि धर्मशास्त्राचा पंडित. आफ्रिकेतल्या रोग्यांची सेवा करावी असे वयाच्या तिशीत त्याच्या मनाने घेतले. तो लगेच जहाजात बसला नाही. वैद्यकाच्या वर्गात जाऊन पुन्हा विद्यार्थी झाला आणि काही वर्षांनी, १९१३ साली, डॉक्टर होऊन लांबारेनेला गेला. इतके दूर तरी कशाला जायचे? आमच्या मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरहून डॉक्टरकी शिकून गेले, तेव्हा स्फोटात हात गमावलेला एक मनुष्य त्यांच्याकडे आला आणि त्याच्यासाठी पुरेसे काही करण्याइतके आपल्याला येत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. माझ्यासारखा असता तर त्याने अधिक धावपळ केली असती. त्यांनी बैरागड सोडले, परत जाऊन एम. डी. केले आणि मग आले. त्या काळात कुणी ‘पळाला’ असेही म्हणाले असेल. लग्न ठरविताना त्यांनी मुलीला आधीच सगळे सांगून टाकले: चाळीस किलोमीटर चालावे लागेल, महिना चारशे रुपयांत भागवावे लागेल. डॉ. स्मिता यांनी ते ऐकून, समजून होकार दिला. हे मला फार मोलाचे वाटते. उधारी नव्हे, भागीदारी. दोघांच्या सहीने मांडलेले खाते. पुढे आदिवासी म्हणू लागले की आमची जनावरेही बघा, तेव्हा डॉक्टरांनी तेही शिकून घेतले. शेतीचे शिकायला ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे वळले. कारण पोर आजारी पडते त्याचे मूळ पुष्कळदा रिकाम्या कणगीत असते. २०१९ साली या दांपत्याला पद्मश्री मिळाली, पण मला आठवते ती त्यांची एक-दोन रुपयांची फी. फुकट नाही! घेणाऱ्यालाही काही देता यावे, एवढा मान त्या दोन रुपयांत आहे. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ पासून कुष्ठरोग्यांच्या हाती भिकेच्या वाडग्याऐवजी शेती आणि हातमाग दिला, तोही हाच मान.

असो. पायाचे बोट गेल्यावर मी काही शहाणा झालो असे नाही. पाणपोईवर अजून जातो. सकाळी दोन तास, डबा बरोबर घेऊन, आणि चहा बिनसाखरेचा हे आता मोठ्याने सांगून. रोज रात्री हातात आरसा धरून तळपाय पाहतो. आधी हे पत्नी करीत असे.

गेल्या आठवड्यात कॉलेजची मुले आली. दिवाळीत मेळघाटात जाऊन जुने कपडे आणि फराळ वाटायचा, वर्गणी द्या, म्हणाली. चेहरे तेच, १९८३ चे. मी विचारले, “त्यांना विचारलंत का?” मुले एकमेकांकडे पाहू लागली. जेवणार कुठे, हेही ठरले नव्हते. त्यांतल्या एकीने तिथल्याच एका शिक्षकाला फोन लावला. तो म्हणाला, कपडे खूप येतात हो, पडून राहतात. आमची माणसे पेशंट घेऊन अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात जातात, तिथे कुठल्या खिडकीवर उभे राहायचे हे त्यांना समजत नाही, कोरकूत बोलणारे कुणी भेटत नाही. तिथे कुणी सोबत करील तर बघा. मुले जरा हिरमुसली. दवाखान्याच्या रांगेत फोटो काय निघणार? वर्गणीचा डबा तसाच घेऊन गेली, विचार करून सांगतो म्हणाली. अजून आलेली नाहीत.

काल सकाळी मी खराटा घेऊन अंगणात उतरलो. अर्धे अंगण झाडून होते न होते तोच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, “अहो, चपला!”