रविवारचं अदोबो
हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रियांना नियमानुसार मालकाच्याच घरी राहावं लागतं. ओटा दुसऱ्याचा, म्हणून चवही बहुधा दुसऱ्याचीच. आठवड्याची हक्काची सुट्टी बहुतेकींना रविवारी मिळते. त्या दिवशी सेंट्रल भागातल्या चेटर रोडवर पुठ्ठे अंथरून त्यांच्या पंगती बसतात. डबे उघडतात. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र, मिरे घालून शिजवलेलं अदोबो, चिंचेनं आंबट केलेलं सिनिगांग, आणि भात, तो तर हवाच! व्हिनेगरमुळे अदोबो टिकतं, दुसऱ्या दिवशी आणखी मुरतं. शनिवारी रात्री रांधून ठेवलं तरी चालतं. परमुलखात स्वतःच्या चवीचं जेवण हा चोचला नव्हे, हक्कच आहे. श्रोतेहो, तुमच्या घरी राबणाऱ्या ताईंना आज त्यांच्या आवडीचा पदार्थ विचारा, आणि तो तुम्ही त्यांच्यासाठी रांधा.