वाट आणि वहिवाट

केवळ धावावयाचे म्हणून धावणे ही गोष्ट आपल्या आजोबांच्या पिढीस समजावून सांगणे कठीण गेले असते. त्यांच्या लेखी धावणारा मनुष्य एक तर कोणाच्या तरी मागे लागलेला असे, नाही तर कोणीतरी त्याच्या मागे लागलेले असे. तिसरा प्रकार टपालाच्या हरकाऱ्याचा. पण तोही पोटासाठीच धावे. आज मात्र बेळगावच्या कॅम्पात, पणजीच्या मिरामारवर किंवा इंदूरच्या एखाद्या बागेभोवती पहाटे पाहावे तो सुशिक्षित माणसे घाम गाळीत धावत असतात, आणि त्यांस कोठेही पोहोचावयाचे नसते. शहरात यातून प्रश्न उद्भवत नाही, कारण पायाखालचा रस्ता सरकारी असतो. शहराची हद्द संपली, शेताचा बांध सुरू झाला, की प्रश्न उभा राहतो: ज्या जमिनीवरून मी माझ्या आनंदासाठी जातो आहे ती दुसऱ्याची आहे, मग मी तेथे कोणत्या नात्याने आहे? हक्कदार म्हणून, पाहुणा म्हणून, की चोर म्हणून?

या प्रश्नाचा विचार करण्यास एक परदेशी गाव मला फार सोयीचे वाटते. इंग्लंडच्या पश्चिमेस, वेल्सच्या सरहद्दीजवळ, श्रॉपशर परगण्यात मच वेन्लॉक नावाचे तीनेक हजार वस्तीचे गाव आहे. सातव्या शतकात तेथे मठ स्थापन झाला. संत मिलबर्गा ही त्याची मठाधिपती होती. पुढे नॉर्मन काळात उभा राहिलेला तेथील मोठा मठ आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५४० साली, मोडण्यात आला. त्याचे भग्नावशेष आजही गावाच्या कडेस आहेत. गावापासून नैर्ऋत्येकडे चुनखडीचा एक लांबच लांब कडा पसरलेला आहे. बेचाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उष्ण समुद्रात वाढलेल्या प्रवाळांचा तो गाळ! या कड्यातील दगड खणून लोखंडाच्या भट्ट्यांना पुरविण्यात आला, त्यासाठी खाणी झाल्या, आगगाडी आली. उतारूंची आगगाडी १९६२ साली बंद पडली. आता खाणींत झाडी माजली आहे आणि जुन्या लोहमार्गाच्या काही भागावरून माणसे चालतात व धावतात. मी तेथे तीन सकाळी चाललो. धावलो नाही, वकिलाच्या गुडघ्यांना ते मानवत नाही.

धावण्याच्या इतिहासात या गावाचे स्थान लहान नाही. गावचे डॉक्टर आणि दंडाधिकारी विल्यम पेनी ब्रुक्स यांनी १८५० साली येथे 'ऑलिंपियन' खेळ सुरू केले. त्यांत क्रिकेट व धावण्याच्या शर्यती होत्या, आणि गमतीचे खेळही होते. पवनचक्कीच्या टेकडीचा उतार हीच प्रेक्षकांची बैठक. १८९० साली बॅरन द कूबेर्तँ हे खेळ पाहावयास आले. अथेन्सच्या १८९६ च्या खेळांपूर्वी चार महिने ब्रुक्स वारले. वेन्लॉकचे खेळ मात्र अद्याप भरतात. या मनुष्याचा आग्रह असा की, खेळ सर्व थरांतील लोकांना खुले असावेत, मजुरांनाही. हा आग्रह आज सामान्य वाटतो. तेव्हा तो तसा नव्हता. १८६६ साली लंडनात स्थापन झालेल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबच्या व्याख्येनुसार कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर हे 'हौशी' खेळाडू होऊच शकत नव्हते. ज्याचे शरीर पोटासाठी राबते त्याला हौसेने राबविण्याचा अधिकार नाही, असा त्याचा अर्थ. १८८० साली नव्या संघटनेने ही अट काढून टाकली.

आता वाटांकडे वळू. वेन्लॉकच्या भोवतालच्या पायवाटा बहुतेक खासगी शेतांतून आणि कुरणांतून जातात. जमीन शेतकऱ्याची, वाट सर्वांची. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. शेतातून जाणारी वाट नांगरली तर सामान्यतः चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणे शेतकऱ्यास भाग आहे. आणि वाट सार्वजनिक होते कशी? १९८० च्या हमरस्ते कायद्याचे ३१ वे कलम सांगते की, लोकांनी वीस वर्षे अखंड आणि हक्काने वापर केला, तर मालकाने ती लोकांस अर्पण केली असे गृहीत धरावयाचे. मालकाचा तसा इरादा नव्हता, याचा पुरेसा पुरावा मिळाला तर गोष्ट वेगळी. 'हक्काने' म्हणजे कसा, याची कसोटी रोमन कायद्यापासून चालत आलेली आहे: बळाने नव्हे, चोरून नव्हे आणि याचनेने नव्हे.

पहिल्या दोन अटी कोणासही पटतील. तिसरीवर मात्र थोडे थांबले पाहिजे. जो मालकाच्या दारी जाऊन, टोपी काढून, "आपल्या शेतातून जाऊ का?" असे विचारतो, तो वीस काय, चाळीस वर्षे चालला तरी त्याला हक्क मिळत नाही. जो न विचारता उघडपणे चालत राहतो त्याला मिळतो. तीच गोष्ट उलट बाजूने मालकाची. जो भला माणूस कोणास अडवीत नाही, तो एके दिवशी जागा होतो आणि आपल्या शेतातून सार्वजनिक वाट गेल्याचे पाहतो. जो कुंपण घालतो आणि कुत्रा सोडतो त्याची जमीन शाबूत राहते. म्हणून शहाणे मालक वकिलाच्या सल्ल्याने वर्षातून एक दिवस फाटक बंद ठेवतात, किंवा फलक लावतात: 'या वाटेने जाण्यास मालकाची परवानगी आहे.' अनभिज्ञ वाटसरूस हा फलक स्वागताचा वाटतो. कायद्याच्या भाषेत तो नकाराचा आहे. परवानगी आहे, याचाच अर्थ हक्क नाही.

हे नीतीला धरून आहे काय? सौजन्याला दंड आणि आडमुठेपणाला बक्षीस, असा आक्षेप सहज घेता येतो, आणि तो पोकळ नाही. परंतु प्रश्न वाटसरूच्या बाजूने पाहिला की निराळा दिसतो. परवानगी कितीही गोड असली तरी ती देणाऱ्याच्या मुठीत असते. आज बाप देतो, उद्या मुलगा नाकारतो. शिवाय परवानगीची किंमत रोज कृतज्ञतेने मोजावी लागते, आणि ही कृतज्ञता नेहमी खालून वर जाते. जमीनदार मजुराच्या परसातून जाताना टोपी काढीत नाही. ज्या वाटेवरून माणसाला मान वर करून जाता येत नाही ती वाट त्याची नव्हे, एवढे तरी त्या जुन्या अटीने ओळखले आहे, असे मला वाटते. १९९९ साली सनिंगवेल गावच्या चर्चच्या जमिनीसंबंधी, म्हणजे वाटेच्या नव्हे तर ग्रामस्थांच्या मैदानाच्या खटल्यात, हाउस ऑफ लॉर्ड्सने असे ठरविले की, मालकाने केवळ सहन केले म्हणून लोकांचा वापर 'याचनेचा' होत नाही, आणि लोकांच्या मनात आपल्याला हक्क आहे की नाही याविषयी काय होते, हेही पाहावयाचे नाही.

(धावणाऱ्यांनी एक जुना निकाल मात्र लक्षात ठेवावा. १९०० सालच्या हिकमन विरुद्ध मेझी या खटल्यात एक गृहस्थ शर्यतीच्या घोड्यांची चाचणी टिपण्यासाठी रस्त्याच्या पंधरा यार्डांच्या तुकड्यात दीड तास येरझाऱ्या घालीत होता. रस्ता जाण्यायेण्यासाठी आहे, टेहळणीसाठी नव्हे, म्हणून तो अनधिकार प्रवेश ठरला. मैदानावर फेऱ्या मारणाऱ्याचा हेतू सुदैवाने एवढा वाईट नसतो.)

आपल्याकडे हा विचार 'वहिवाट' या एका शब्दात आहे. व्युत्पत्ती काहीही असो, कानाला त्यात वाट ऐकू येतेच. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या १५ व्या कलमातही तीच वीस वर्षे आहेत, आणि वापर शांततेने, उघडपणे व हक्काने झालेला असावा हीच अट आहे. पण ४ थ्या कलमाप्रमाणे हा अधिकार एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर चालतो. म्हणजे तो शेताला चिकटतो, पायांना नव्हे. ज्याचे पलीकडे शेत नाही, विहीर नाही, घर नाही, अशा नुसत्या धावणाऱ्यास बांधावर या कायद्याचा आधार नाही. सार्वजनिक रस्ता असेल तर गोष्ट निराळी. व्यवहारात कोणी विचारीत नाही आणि कोणी अडवीत नाही. शेतकरी फार तर "काय, कुठं निघालात?" म्हणतो. या वाक्यात परवानगीही नाही आणि हरकतही नाही. रोमन पंडितांना ते कोणत्या सदरात घालावे हे समजले नसते.

परंतु हाच प्रश्न सर्वांना एकाच स्वरात विचारला जात नाही, आणि येथे वहिवाटीच्या तत्त्वाची दुसरी बाजू उघडी पडते. चालत आल्याने हक्क मिळतो, हे खरे. पण ज्याला चालूच दिले नाही त्याने वीस वर्षे कोठून आणावयाची? महाडच्या चवदार तळ्याचा दावा वाटेचा नव्हे, पाण्याचा होता. तर्क मात्र तोच. १९२७ च्या सत्याग्रहानंतर सवर्ण फिर्यादींनी न्यायालयात जाऊन म्हटले की, अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादि वहिवाट आहे. ज्यांना दूर ठेवले त्यांचे दूर राहणे हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा! मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय दिला आणि डॉ. आंबेडकरांची बाजू कायम झाली. निकाल योग्य होता. तथापि तो पुराव्याच्या उणिवेवर उभा होता, हे विसरून चालणार नाही. पुरावा पुरेसा जुना सापडला असता तर? लंडनच्या क्लबालाही मजूर हौसेने धावताना पूर्वी कोणी पाहिला नव्हता, असे म्हणता आले असते. म्हणून केवळ वापरावर उभा असलेला हक्क मला अपुरा वाटतो. वेन्लॉकच्या वाटा आज सुरक्षित आहेत त्या वीस वर्षांमुळे तितक्या नव्हेत, जितक्या नकाशावर चढल्यामुळे. नकाशावर एकदा चढलेली वाट येणाऱ्याचे कूळ विचारीत नाही, आणि तो शेतावर निघाला आहे की नुसताच धावतो आहे हेही विचारीत नाही.

मग सौजन्याचे काय? हक्क आला की विनय गेला, अशी भीती पुष्कळ सज्जन व्यक्त करतात. २०१० साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे रेडकार येथील गोल्फच्या मैदानाचा खटला आला. स्थानिक लोक वर्षानुवर्षे तेथे फिरत, कुत्री हिंडवीत. पण कोणी गोल्फ खेळणारा चेंडू मारावयास उभा राहिला की ते थांबत, तो गेला की पुढे जात. नगरपालिकेचे म्हणणे असे की, हे थांबणे म्हणजेच हक्क नसल्याची कबुली आहे. न्यायमूर्तींनी ते मानले नाही. दुसऱ्यास अडथळा होऊ नये म्हणून थांबणे हा समंजसपणा आहे, शरणागती नव्हे, असे त्यांनी ठरविले. वेन्लॉकच्या कड्याखाली कोकरे आईला लुचत उभी असली की धावणारे चालू लागतात, आणि फाटक ओढून घेण्यासाठी दोन पावले मागे येतात, हे मी पाहिले आहे. त्यांपैकी कोणी त्या जमिनीच्या मालकाला ओळखत असेल, असे मला वाटले नाही.