मोफत पास आणि न्याय



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर एका ताईंनी आम्हाला थांबवून विचारले, "फादर, माझी पोरगी एस.टी.नं फुकट जाते, पोराच्या पासाचे मात्र पैसे भरावे लागतात. दोघं एकाच गाडीत, एकाच शाळेत. हा कसला न्याय?" प्रश्न साधा वाटला तरी आठवडाभर आमच्या मनातून गेला नाही.

अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळेचा प्रवास मोफत आहे. मुलग्यांना सवलतीचा पास मिळतो. भाड्याचा सुमारे एक तृतीयांश भाग घरच्यांना भरावा लागतो. ज्या घरी कापूस वेचणीच्या मजुरीवर चूल पेटते, तिथे तेवढेही जड जाते.

सेमिनरीत आम्ही अॅरिस्टॉटल शिकलो. (एस.टी.ची वाट पाहत उभे राहण्याचे शिक्षण मात्र इथे आल्यावर मिळाले.) तो म्हणतो, सारख्यांना सारखे देणे हा न्याय, पण जे सारखे नाहीत त्यांना सारखेच मोजले, तर तो अन्याय. मग भाऊ आणि बहीण सारखे नाहीत का? देवाच्या दृष्टीने आहेत. आपल्या घरात आहेत का, हे ज्याने त्याने तपासावे. पैसे कमी पडले की आधी कोणाची शाळा सुटते? धाकट्याला सांभाळायला कोण घरी राहते? 'पोरीची जात, इतक्या दूर कशाला' असे कोण म्हणते? मुलीचा मोफत पास हे बक्षीस नव्हे. आपल्याच घरात तिच्या विरुद्ध झुकलेल्या पारड्यात शासनाने टाकलेले ते वजन आहे. बिहारमध्ये 2006 साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात झाली, आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या ठळकपणे वाढली, असे अभ्यासकांना आढळले. पोरी शिकायला तयारच होत्या. आडवे येत होते ते अंतर.

पण ताईंचे म्हणणे एवढ्याने खोटे ठरत नाही. कोलाम पोडावरचा मुलगाही सातवीनंतर गुरांमागे जातो, आणि त्याचे कारण तो मुलगा आहे हे नसून घरी पैसा नाही हे असते. ज्या तत्त्वाने मुलीचा पास मोफत झाला, तेच तत्त्व या मुलाच्या बाजूनेही बोलते. मुलीचे काढून मुलाला द्यावे असे मात्र त्यातून निघत नाही.

2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे आहे. पुढे नववी-दहावी. नेमकी तेव्हाच शाळा लांब जाते, आणि नेमका तिथेच हक्क संपून सवलत सुरू होते. सवलत देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. म्हणून घेताना आपल्याला संकोच वाटतो. तो वाटू नये. साबणाच्या वडीवरही आपण कर भरतो.

आणखी एक गोष्ट. 2021 च्या अखेरीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एस.टी.चा संप चालला, तेव्हा मोफत पास घरात पडून राहिला आणि पोरी काळीपिवळीचे भाडे मोजत होत्या किंवा घरी बसल्या होत्या. संपकऱ्यांनाही पोरेबाळे होती, हे आम्ही विसरत नाही. मानव विकास कार्यक्रमातून 125 तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या आल्या, 2024 पासून पास थेट शाळेत देण्यास सुरुवात झाली. हे चांगलेच झाले. पण जी गाडी शाळा सुटण्याआधी निघून जाते, तिचा पास मोफत असला काय आणि विकत असला काय!

आपल्या बाजूच्या तीन गावांची संध्याकाळची गाडी अशीच वीस मिनिटे आधी निघते. वेळ बदलून मिळावी म्हणून आगारप्रमुखांच्या नावे अर्ज लिहिला आहे. तो आज मिस्सानंतर चर्चच्या व्हरांड्यात ठेवला आहे. ज्यांची मुले त्या गाडीने जात नाहीत, त्यांच्याही सह्या हव्या आहेत.