गुप्त ठेवलेले सत्य

ज्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना भाषेचे नियम शिकविले, आणि उतारवयात स्वीडनबोर्गच्या धर्मविचारांवर थेट इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यांनीच जातिभेद नाकारणारी परमहंस सभा मुंबईत १८४९ च्या सुमारास गुप्तपणे चालवावी, हे सोवळ्याच्या वाड्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला समजते. पटत मात्र नाही. (व्याकरणकाराला अपवादांची सवय असतेच म्हणा!) बहिष्काराची दहशत खरी होती. परंतु ईश्वर सर्वांचा एकच, हे सत्य बंद दाराआड सत्य कसे उरेल? १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली व सभा विस्कटली. १८६७ साली धाकटे बंधू आत्माराम यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला. धर्मदृष्ट्या मला धाकट्याचेच धैर्य श्रेष्ठ वाटते.