पियानोविना वाजलेला सॅक्सोफोन
३ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅन्गार्ड' या तळघरातील मैफलस्थानी सनी रोलिन्स या टेनर सॅक्सोफोनवादकाने, पियानोचा आधार स्वेच्छेने वर्ज्य करून, केवळ बास आणि ड्रम यांच्या साथीने जे वादन केले, त्याचे ध्वनिमुद्रण ऐकताना, संवादिनीविना गावयास बसलेल्या ख्यालियाप्रमाणे सुरांची सारी जोखीम स्वतःच्या श्वासावर घेणारा हा कलावंत मला विलक्षण निर्भय वाटतो. श्रोत्यांची दाद त्या ध्वनिमुद्रणात शाबूत आहे. स्टुडिओतील निर्दोष मुद्रणांहून म्हणूनच ते मला प्रिय. कीर्तीच्या ऐन बहरात, १९५९ साली, मंचावरून रजा घेऊन विल्यम्सबर्ग पुलावर एकांतात रियाज करणारा हा वादक पुढे मुंबईत पवईच्या आश्रमात साधक म्हणून राहिला, हे मला मुळीच आश्चर्याचे वाटत नाही.