पावाचा विटाळ कुठे गेला?

मुंबईत नव्याने आलेल्या माणसाने बेकऱ्यांच्या वाटेने शहर पाहायचं ठरवलं, तर दोन-चार दिवसांतच त्याच्या पोटात अनेक धर्मांच्या हातचं अन्न गेलेलं असतं. धोबीतलावाचं १९०४ पासूनचं कयानी, ग्रँट रोड स्टेशनजवळ १९१४ मध्ये सुरू झालेलं मेरवान आणि फोर्टातली याझदानी ही इराणी मंडळींनी उभी केलेली ठिकाणं. वांद्र्यासारख्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये गोव्याहून आलेल्या पाववाल्यांची परंपरा आहे. मुसलमान मालकांच्या भट्ट्या शहरभर आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ भट्ट्यांवर रात्रभर राबणारे कारागीर उत्तर प्रदेशातून आलेले असतात. पहाटे लादी पाव निघतो, मग ब्रून, खारी, बटर, नानखटाई, मावा केक. विकत घेणाऱ्यांत सगळ्या जाती आणि सगळे धर्म असतात. पीठ कोणी मळलं, हे त्यांच्यातलं जवळजवळ कोणीच विचारत नाही. याच महाराष्ट्रात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी नेमक्या याच प्रश्नावरून माणसं वाळीत पडत होती. म्हणून विचारावंसं वाटतं की पावाचा विटाळ गेला कुठे? तो खरोखर संपला, की आपण फक्त प्रश्न विचारणं सोडलं? माझं म्हणणं असं की आपण प्रश्न सोडला, उत्तर मात्र दिलंच नाही. आणि न विचारता खाणं हे जाणून खाण्याइतकं मोलाचं नाही.

आधी विटाळाचा इतिहास नीट पाहायला हवा, कारण तो निव्वळ मूर्खपणाचा नव्हता. पाव आपल्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला. चर्चच्या मुख्य संस्कारात गव्हाची भाकर हीच पवित्र वस्तू, त्यामुळे जिथे चर्च गेलं तिथे पाव गेला. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायलेलं गाव बाटलं, अशा कथा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या कथांमागे सत्तेने लादलेल्या धर्मांतराची खरी भीती होती, आणि ती भीती नाकारणं अन्यायाचं होईल. पण त्या कथांमध्ये शिक्षा कोणाला होते, तेही पाहा. पाव टाकणाऱ्याचं काही बिघडत नाही. नकळत पाणी प्यायलेला शेजारी मात्र कायमचा परका होतो. ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्यालाच दार लावून घेणारा हा नियम जुलूम करणाऱ्याचं काम सोपं करत होता. भीती खरी होती, तिच्यावर शोधलेला उपाय मात्र आपल्याच माणसांवर उलटला.

एकोणिसाव्या शतकात या नियमाला पहिला जाणीवपूर्वक धक्का मुंबईतच बसला, आणि तोही पावानेच. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाने आणलेलं पाणी प्यायचं, असा तिचा दीक्षाविधी होता. या मंडळींना हात कोणाचा हे पक्कं ठाऊक होतं. ते ठाऊक असणं हाच विधीचा अर्थ होता. फक्त हे सारं बंद दाराआड चालत असे. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली आणि सभा विस्कटली. पुढे १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशांनी घडवून आणलेलं चहापान झालं. टिळक, रानडे आणि शहरातली इतर प्रतिष्ठित मंडळी तिथे होती. हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य म्हणजे जातबहिष्काराचा वाद उभा राहिला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. वाद एका कप चहाचा आणि बिस्किटांचा होता. आज त्याच पुण्यात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीत श्रुजबेरी बिस्किटांसाठी पेठांमधली माणसं रांगा लावतात आणि तीच बिस्किटं परगावच्या नातेवाइकांना आवर्जून नेतात. ही प्रगती आहे, यात शंका नाही. तरी या तिन्ही प्रसंगांत एक फरक आहे. परमहंस सभेने जाणून खाल्लं, पण लपून. पंचहौदात जे झालं ते उघड झालं, पण ते खाणं टिकवण्याचं बळ समाजाने उरू दिलं नाही. आपण उघडपणे खातो, पण न जाणता. दादोबांच्या पिढीला जे धैर्य लागलं ते आपल्याला लागत नाही, कारण हात आता भिंतीमागे गेला आहे आणि काउंटरवर फक्त पुडा येतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की शहरात खाण्याच्या बाबतीत निवड असतेच कुठे? गिरणीत, गोदीत, कचेरीत राबणाऱ्याने मिळेल ते स्वस्त आणि तयार अन्न खाल्लं. हा आपद्धर्म झाला, त्यात नीतीचा प्रश्न कसला? या युक्तिवादाला परंपरेचा आधार आहे. छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायणाची गोष्ट येते. कुरुदेशात पिकं उद्ध्वस्त झाली असताना हा विद्वान एका माहुताकडून त्याचं उष्टं कडधान्य मागून खातो. माहूत पाणी देऊ लागतो तेव्हा मात्र उष्टं म्हणून ते नाकारतो. कारण विचारल्यावर त्याचं सांगणं असं की ते खाल्लं नसतं तर प्राण गेले असते, पाणी मात्र हवं तिथे मिळेल. गरज संपली की सूट संपते, हा त्या गोष्टीचा काटेकोर न्याय आहे. तोच न्याय बेकरीला लावून पाहू. पाव गरजेपोटी आला असं म्हणता येईल. पण मावा केकने कोणाचे प्राण वाचत नाहीत. वाढदिवसाचा केक, पेस्ट्री, क्रीम रोल, नाताळातला प्लम केक हे सगळं निवडीचं खाणं आहे. उषस्तीच्या हिशेबात ते पाण्याच्या बाजूला जातं. लाखो घरांनी हे स्वखुशीने घरात आणलं, लेकरांना औक्षण करून त्याच पाटावर केक कापला. तेव्हा आपद्धर्माचं कारण इथे पुरत नाही. आपण परक्या हातचं अन्न मंगल प्रसंगी निवडलं आहे. आचरणाने उत्तर देऊन झालं आहे. ते मनाने मान्य करायचं तेवढं राहिलं आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आहारशुद्धीने चित्तशुद्धी होते हा विचारही छांदोग्यातलाच, आणि तो केवळ जातीचा डाव म्हणून बाजूला सारता येत नाही. रामानुजांच्या परंपरेत अन्नाचे तीन दोष सांगितले आहेत: पदार्थाचा स्वतःचा, तो ज्याच्याकडून येतो त्या आश्रयाचा, आणि केस-कचरा पडण्यासारख्या निमित्ताचा. यातला मधला दोष हाताकडे बोट दाखवतो. मग हाताचा विचार करूच नये, असं कसं म्हणायचं? माझं उत्तर असं की विचार जरूर करावा, फक्त कशाचा ते पाहावं. आश्रयाचा दोष म्हणजे देणाऱ्याच्या दुष्टपणाचा दोष, असा अर्थ स्वामी विवेकानंदांनी लावला आणि सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकावर कठोर टीका केली. दोष वर्तनात असेल तर तो मालक-नोकर, सवर्ण-अवर्ण, आपला-परका अशा कोणातही असू शकतो, आणि जन्म पाहून तो ओळखता येत नाही. शंकराचार्यांनी तर आहार म्हणजे इंद्रियांनी मनात घेतलेलं सारं, असा व्यापक अर्थ केला. त्या अर्थाने पाव खाताना मनात आलेली शिसारी हाच अशुद्ध आहार ठरतो. शुद्धीचा असाच प्रौढ विचार बेकऱ्यांच्या मालकांच्या एका धर्मातही आहे. पारशी-इराणी लोकांचा सर्वांत पवित्र अग्नी आतश बेहराममध्ये असतो. मुंबईत अशी चार अग्निमंदिरं आहेत. तो अग्नी सिद्ध करताना सोळा ठिकाणचे अग्नी जमवून शुद्ध करतात, आणि त्यांत वीज पडून लागलेल्या आगीबरोबर कुंभाराचा, सोनाराचा, लोहाराचा, अगदी चितेचाही अग्नी असतो. भटारखान्याचा म्हणजे बेकरीचा अग्नीही त्यांतच असतो. त्या मंदिरांत परधर्मीयांना प्रवेश नाही, त्यामुळे तिथे सगळं खुलं आहे असा दावा मी करत नाही. तरी एवढं त्यातून निश्चित कळतं की शुद्धी म्हणजे कष्टकऱ्यांच्या आगीपासून दूर राहणं नव्हे. त्यांची आग गोळा करून तिला उंचावर नेणं हीसुद्धा शुद्धीच आहे.

तिसरा आक्षेप आजच्या काळातला आहे, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. हात कोणाचा हे विचारायला सांगणं धोक्याचं नाही का? दुकानदाराचं नाव वाचून त्याच्यावर बहिष्कार घालणारे लोक हाच प्रश्न विचारतात. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यविक्रेत्यांना मालकांची नावं लावायला सांगण्यात आलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचं अन्न मिळतं हे सांगायला लावता येईल, नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही, असा भेद न्यायालयाने केला. तो भेद मला पूर्णपणे मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला त्याची मदतच होते. केकमध्ये अंडं आहे का, बिस्किटात कोणती चरबी आहे, हे विचारण्याचा हक्क व्रत पाळणाऱ्या प्रत्येकाला आहे. जैन किंवा शाकाहारी माणूस अंडं नाकारतो तेव्हा तो स्वतःवर बंधन घालतो; त्यात बेकरीवाल्याचा अपमान नाही. विटाळ मात्र दुसऱ्यावर बंधन घालतो. म्हणून प्रश्नाची कसोटी सोपी आहे: उत्तर मिळाल्यावर तुम्ही घास खाली ठेवणार आहात का? ठेवणार असाल, तर तो प्रश्न विचारूच नये. उत्तर काहीही आलं तरी खाणार असाल, तर मात्र तो जरूर विचारावा, कारण तेव्हा तो ऋण ओळखण्याचा प्रश्न होतो. आणि एक लक्षात घ्या: बहिष्काराचं आवाहन न विचारता खाणाऱ्या समाजात पटकन रुजतं. ज्याने त्या हाताशी कधी नातंच जोडलं नाही, त्याला तो हात तोडायला सांगणं सोपं असतं. ज्याला आपला पाववाला ठाऊक आहे, त्याच्यावर अशा आवाहनाचा परिणाम होणं अवघड आहे.

ऋण ओळखलं की ते नुसतं कौतुकावर भागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. त्यावर शहरात जी चर्चा झाली, तीत दोन स्वर मोठे होते: हवेच्या काळजीचा, आणि लाकडाच्या भट्टीवरची चव जाईल या हळहळीचा. दोन्ही रास्त आहेत. पण त्या धुराच्या सगळ्यांत जवळ कोण उभं असतं? भट्टीच्या तोंडाशी रात्रपाळी करणारा, अनेकदा तिथेच झोपणारा, गावाकडे पैसे पाठवणारा कारागीर. त्याची छाती, त्याची झोप, त्याची मजुरी या चर्चेच्या कडेलाच राहिल्या. न विचारता खाण्याचा हा प्रत्यक्ष परिणाम आहे. विटाळ मानणाऱ्याला तो हात दिसत होता आणि त्याचा त्याला तिटकारा होता. आपल्याला तो दिसतच नाही. तिटकारा जाऊन त्या जागी आस्था आली असती तर आपण पुढे गेलो असतो. तिथे नुसतं न दिसणं आलं असेल, तर त्या कारागिराच्या वाट्याला फारसं काही आलेलं नाही.

शेवटचा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, आणि तो टाळून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. जातिभेद निर्मूलनावरच्या १९३६ च्या त्यांच्या प्रबंधात त्यांनी बजावलं की सहभोजनाने जात मेली नाही आणि मरणारही नाही. रक्ताची सरमिसळ आणि शास्त्रांच्या प्रामाण्याला नकार हेच खरे उपाय. हे खरं आहे. एकाच लादीतला पाव खाणारी माणसं एकमेकांना भाड्याने घर नाकारतात, मुलामुलींची लग्नं मोडतात. म्हणून बेकरीने समता आणली असं म्हणणं ही स्वतःची फसवणूक ठरेल. माझा दावा त्याहून लहान आहे. शास्त्राचं प्रामाण्य नाकारायला मनाचं बळ लागतं, आणि ते बळ कृतीतून वाढतं. जी कृती आपण रोज करतो तिचा अर्थ आपल्याला ठाऊकच नसेल, तर तिच्यातून बळ येणार नाही. अर्थ ठाऊक झाला, तर ज्याच्या हातचं मंगल प्रसंगी चालतं त्याला घर देणं का चालत नाही, हा प्रश्न टाळता येत नाही. शहरात नव्याने आलेल्या माणसाला इथे एक मोठी संधी असते. जुना रहिवासी सवयीने पुडा उचलून निघून जातो. नवखा पाट्या वाचतो, कोणता पाव कुठे चांगला ते विचारतो, भट्टी कुठे आहे ते पाहतो, कारागिराशी दोन शब्द बोलतो. त्याने ही नजर चार महिन्यांत गमावू नये. परमहंस सभेची जाण आणि आजचा उघडपणा या दोन गोष्टी अजून एकत्र आलेल्या नाहीत. त्या एकत्र आणण्यासाठी कोणतीही दीक्षा लागत नाही, प्रायश्चित्ताची भीतीही आता उरलेली नाही. हात कोणाचा हे जाणावं, तो आपल्याला अन्न देतो हे मानावं, आणि तो माणूस हक्काने उंबऱ्याच्या आत येईल असं घर आणि असा समाज उभा करावा. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांवर एवढी जबाबदारी येतेच.