खोटी तागडी

नीतिसूत्रांच्या 11 व्या अध्यायाच्या आरंभीच, खोट्या तागडीचा परमेश्वराला किती तिटकारा आहे हे सांगितले आहे. ते ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे बाजारातला वाणी उभा राहतो, आणि हा बोध त्याच्याकरिता आहे असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. परंतु माणसे मोजण्याची तागडी आपणा सर्वांच्याच हाती आहे. ज्यांचे शरीर स्थूल आहे अशा आजाऱ्यांना तिने कसे मोजले जाते, ह्याचा आज विचार करू.

ही गोष्ट केवळ शहरातील धनवानांची नव्हे. 2019 ते 2021 ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशातील 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 24 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाहून अधिक आढळले. खेड्यांतही पाचांत सुमारे एक. अशी एखादी बहीण गुडघेदुखीने किंवा धाप लागते म्हणून दवाखान्यात जाते. रांगेतील सर्वांसमक्ष तिचे वजन मोठ्याने वाचले जाते, कोणी हसते. ती आपले दुखणे सांगू लागते, तोच "आधी खाणे कमी करा" एवढ्यावर तिची बोळवण होते. पुन्हा तेथे पाऊल टाकावयाचे नाही असा निश्चय करून ती घरी परतते, आणि खरा रोग आत वाढत राहतो. अशा हेटाळणीने शरीर व मन ह्या दोहोंची हानी होते आणि उपचारही उणे मिळतात, असे 2020 साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एका संयुक्त निवेदनात सांगितले आहे.

प्रथम हे पाहा की, हे माप कधी कधी अक्षरशः खोटे असते. रक्तदाब मोजताना दंडाला पट्टा बांधतात. जाड दंडाला नेहमीचा अरुंद पट्टा बांधला, तर दाब आहे त्याहून अधिक दिसतो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी केलेली 195 माणसांची तपासणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तीत ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता, त्यांचा वरचा दाब नेहमीच्या पट्ट्याने सुमारे 20 अंकांनी अधिक भरला. दोष पट्ट्याचा, पण नको असलेले औषध मात्र रोग्याच्या पदरी पडावयाचे!

दुसरे, आपण कारणाचेही माप खोटे घेतो. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी विचारले की, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने तो हिशेबच नाकारला. 1997 साली इंग्लंडातील केंब्रिज येथील वैद्यांनी दोन चुलत भावंडांविषयी लिहिले. ती लहान वयातच अतिशय स्थूल झाली होती व त्यांची भूक शमत नसे. पोट भरल्याची खूण मेंदूला देणारा लेप्टिन नावाचा रस त्यांच्या शरीरात जन्मतःच तयार होत नव्हता. त्यांपैकी एका मुलीला तो टोचून दिल्यावर तिची भूक आवरली व वजन उतरू लागले, हे 1999 साली प्रसिद्ध झाले. असे रोगी फार थोडे, हे खरे. इतरांच्या ठायी आहार, अनुवंश, औषधे, अपुरी झोप, दारिद्र्य अशी अनेक कारणे एकत्र गुंतलेली असतात. परंतु त्या मुलीला खादाड म्हणणाऱ्याने केवढा अन्याय केला असता! मग ज्याचे कारण आपल्यास ठाऊक नाही, त्याचा न्याय आपण का करावा?

तिसरे, खरे माप म्हणजे गोड खोटे नव्हे. अति वजनाने मधुमेह, हृदयविकार व सांध्यांचे दुखणे बळावते. वैद्याने हे सांगितलेच पाहिजे. प्रश्न आहे तो कसे सांगावे ह्याचा. कॅनडातील वैद्यांसाठी 2020 साली जे नियम झाले, त्यांत पहिली पायरी ही की, वजनाविषयी बोलण्यापूर्वी रोग्याची अनुमती घ्यावी. बार्तीमयाचे आंधळेपण सर्वांना दिसत होते. तरीही, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे, असे प्रभूने त्याला विचारले. त्या भिकाऱ्याला त्याने प्रथम बोलू दिले, आणि मग बरे केले.

ह्यास्तव, बंधूंनो, आपल्या मंडळीत कोणाच्या देहावरून टोपणनाव पडले असेल तर ते आजपासून जिभेवर येऊ देऊ नका. ज्या बहिणी दवाखान्यात नर्सचे काम करितात, त्यांनी वजन हलक्या आवाजात सांगावे व मोठा पट्टा हाताशी ठेवावा. जी बहीण लाजेने दवाखाना टाळिते, तिच्यासोबत कोणीतरी जावे, आणि तिचे म्हणणे पुरते ऐकले जाईपर्यंत तिच्याजवळ बसावे. आपल्यालाही एके दिवशी मोजले जावयाचे आहे. तेव्हा आपल्या हातची तागडी आजच नीट करू या.